शबनमची आठ ओळींची तक्रार

शबनम महेबूब शेख लोहाऱ्याची. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन आमच्या साखर कारखान्याच्या गॅरेजात लागली. तिथं मी एकतीस वर्षं फिटर होतो. शेवटची चार वर्षं ती माझ्या शेजारी काम करायची. हातातलं काम संपल्याशिवाय चहाला उठायची नाही. चाक बसवलं की नट आवळायची, गाडी थोडी फिरवून आणायची आणि तेच नट पुन्हा आवळायची. दुसऱ्यांदा आवळायचा आळस आमच्यातले निम्मे करतात. नावं सांगू शकतो.

माझ्या शेवटच्या हंगामात कामगारांच्या बसच्या मागच्या चाकाचे दोन नट अणदूरजवळ ढिले झाले. चालक माणिकप्पानं आवाज ओळखून बस थांबवली, म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, पाळी बदलताना, फाटकात साठ-सत्तर माणसं होती. तिच्याच हुद्द्याचा फिटर रणधीर तिथं ओरडला, "ओ मॅडम! नट आवळायला मनगट लागतंय, मेंदी न्हाय. एक दिवस माणसं मारील ही बाई, बघा!"

लोक हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. त्याचा राग अजून स्वतःवर आहे.

शबनमनं गॅरेजात जाऊन त्या बसचं जॉबकार्ड काढलं. गाडीत बिघाड काय, काम काय केलं, कुणी केलं, सगळं त्यावर असतं, खाली सही. पुढची दोन चाकं तिनं बसवलेली. मागचं चाक पंक्चरसाठी रणधीरनं खोललेलं. सही त्याची. इतकं धडधडीत असताना आमचे इंजिनियर राघवेंद्र साहेब यांनी कार्ड मागवायचीही तसदी घेतली नाही. दोन दिवसांत चालक विचारू लागले, "ही गाडी कुणी केलीय? शबनमनं असंल तर दुसऱ्याला दावा." हातात कसब असून तिच्या नावावर काम येईना.

जेवणाच्या सुट्टीत ती चार पानी अर्ज घेऊन माझ्याकडं आली. त्यात रणधीरची तंबाखू, त्याचं उशिरा येणं, तीन वर्षांपूर्वीचं पान्यावरनं झालेलं भांडण, सगळं होतं.

"हे काय? एक बस दुरुस्त करायचीय का अख्खा कारखाना?"

"मग गिळून टाकू का, काका?"

"गिळू नको. कार्ड लिहितीस तसं लिही. झालं तेवढंच."

तिनं आठ ओळी लिहिल्या. तारीख, वेळ, जागा, त्याचे शब्द जसेच्या तसे, ऐकणाऱ्या तिघांची नावं. सोबत कार्डाची प्रत. शेवटी होतं: 'चूक माझी असती तरी ती कामाच्या जागी दाखवायला हवी होती. फाटकात बोललेलं फाटकातच दुरुस्त व्हावं.' साक्षीदारांत पहिली सही माझी. अर्ज देऊन तिनं शिक्क्यासह पोच घेतली.

साहेबांनी रणधीरला आणि आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "अगं, गॅरेज म्हणजे घर. रणधीर सॉरी म्हणतोय. चहा घ्या, मिटवा."

"गंमत केली व्हती, साहेब," रणधीर म्हणाला. "एवढं काय लावून घ्यायचं?"

माणसं मारील म्हणणं ही याची गंमत! माझ्या मुठी वळल्या होत्या. शबनमचा आवाज मात्र चढला नाही.

"साहेब, केबिनमधी माझं काय गेलं न्हाय. फाटकात गेलंय."

"हट्ट करू नको."

"मग मिटवा म्हणता ते अर्जावर लिहून द्या. मी वर पाठवते."

लिहून द्या म्हटल्यावर साहेब पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले. जॉबकार्डाची प्रत त्यांनी तेव्हा वाचली.

सोमवारी आठला रणधीर फाटकात उभा राहिला. मान खाली घालून काहीतरी पुटपुटला.

"आज आवाज कुठं गेला रं?" माणिकप्पा म्हणाला. "त्या दिशी तर अणदूरपतुर ऐकू आला!"

"मागं ऐकू गेलं न्हाय," शबनम म्हणाली. "परत सांगा."

रणधीरनं साहेबांकडं पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते.

"ते चाक मी बसवलं व्हतं," तो मोठ्यानं म्हणाला. "शबनमबाईची चूक न्हवती."

या दोन वाक्यांना तेरा दिवस लागले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शबनमनंही आभार मानले नाहीत. कसले मानायचे? माणिकप्पानं बसची किल्ली तिच्या हातात दिली. "ब्रेक बघ गं जरा. डावीकडं वढतीय."

ती गॅरेजाकडं निघाली. रणधीर अजून वाटेतच उभा होता. "सरका," ती म्हणाली. तो सरकला.