मुटकुळी हे नाव कुणी सांगितलं?

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे ‘भिंग’ म्हणत. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, उलटा करायचा, शिवण बोटांनी ताणून बघायची आणि चूक सापडली की तिथं लाल स्टिकर लावायचा, हे तिचं काम. काजं करणारी एक मुलगी एकदा म्हणाली होती, "भिंगताई, तुम्हाला देव भेटला तर तुम्ही आधी त्याच्या सदऱ्याची कॉलर उलटून बघाल." सगळ्यांबरोबर तीही हसली होती. पण बघायलाच हवी, असंही तिला मनातून वाटलं होतं.

ही सवय काही टेबलावर ठेवून घरी येता येत नाही. रिक्षावाल्यानं नेहमीचं वळण सोडलं की तिचा हात पर्समधल्या फोनवर जाई. कुणी जास्तच गोड बोललं की ती दोन पावलं मागं सरे. मुलगी झाल्यापासून तर कुणी साधं नाव विचारलं तरी ती "पिल्लू" एवढंच सांगून विषय बदलायची. पोरीचं खरं नाव काय आणि घरात तिला कशानं हाक मारतात, याच्याशी परक्यांना काय करायचंय?

मुलगी सव्वादोन वर्षांची झाली आणि भिंगला सातवा महिना लागला, तेव्हा नवऱ्यानं दुसऱ्या गावात खोली बघितली. तो वायरमन. तिथं मोठ्या इमारतीचं काम निघालं होतं, दोन वर्षं पुरेल एवढं. डॉक्टरीण म्हणाली, "जायचं असेल तर आत्ताच जा. आठवा लागला की प्रवास बंद." सहा तासांची बस होती. नवरा आधीच तिकडं कामावर रुजू झाला होता, त्याला सुट्टी मिळत नव्हती.

"एकटी जाऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या. "पोटात एक, कडेवर एक. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते. कुणाला तरी बरोबर देते."

"कुणाला देणार, आई? तिलाही मलाच सांभाळावं लागेल."

"माझ्या ओळखीची एक आहे, ती—"

"नको. मला राखण नको."

सासूबाई गप्प झाल्या. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारी बाई इतक्या लवकर गप्प झाली, हे भिंगला तेव्हाच खटकलं होतं. पण बॅग भरायची होती, आणि मुलगी भरलेले कपडे एकेक करून बाहेर काढत होती.

सकाळी आठच्या बसमध्ये तिनं दोन सीटा घेतल्या होत्या. पोरीला मांडीवर घ्यावं तर मांडी उरलीच नव्हती. पोटानं ती कधीच बळकावली होती. पोरगी खिडकीशी उभी राहून पडदा ओढत होती, सोडत होती. पोटातलं बाळ बरगडीखाली लाथ मारत होतं. घशाशी जळजळ होती आणि बस सुटून पाव तासही झाला नव्हता, तरी लघवीला लागल्यासारखं वाटायला लागलं होतं.

मागून उठून एक बाई मधली वाट सोडून पलीकडच्या सीटवर येऊन बसली. साठीच्या आसपासची, करड्या स्वेटरची, पायात पांढरे कापडी बूट. पुढं पाच-सहा सीटा रिकाम्या होत्या, तरी ती बरोबर इथंच बसली. शिवाय सहा तासांच्या प्रवासाला तिच्याकडं सामान म्हणून फक्त हातातली छोटी पर्स होती. ना पिशवी, ना पाण्याची बाटली. भिंगनं ते पहिल्याच नजरेत टिपलं.

"कितवा?" बाईनं विचारलं.

"सातवा."

"पाय सुजतात का गं संध्याकाळी?"

"नाही," भिंग म्हणाली. पाय सकाळीच सुजले होते. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता. तिनं पाय सीटखाली ओढून घेतले.

"आणि उतरून कुठं जाणार?"

"तुम्ही कुठं जाणार?"

"लेकीकडं," बाई म्हणाली आणि बाहेर बघायला लागली.

पुढचा तासभर पोरगी शहाण्यासारखी वागली. मग बिस्कीट खाल्लं, पाणी प्यायली, आणि पुढच्या वळणावर खाल्लेलं सगळं भिंगच्या ओढणीवर ओकली. भिंगला वाकता येईना. एका हातानं पोरीला धरून दुसऱ्या हातानं ती कपडा शोधत होती, तोच पलीकडून ओला रुमाल पुढं आला. रुमाल आधीच ओला करून, पिळून, घडी घालून ठेवलेला. भिंगनं तो घेतला, कारण इलाज नव्हता. पण ओला रुमाल तयार ठेवून कोण प्रवास करतं, हे तिच्या डोक्यातून जाईना.

थोड्या वेळानं मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं बाईला सहज विचारलं, "मुलंबाळं काय?"

"नाही हो, मी एकटीच," बाई म्हणाली.

मघाशी लेक होती, आता नाही. तिनं मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. बाईनं फोन वाचत असल्यासारखा धरला होता, पण तो उभा होता आणि त्याची मागची बाजू नेमकी पोरीकडं होती. बाईचा अंगठा हलला. भिंगनं पोरीला आपल्याकडं ओढून घेतलं.

साडेअकराला बस एका हॉटेलपाशी थांबली. आता भिंगला लघवी रोखून धरणं शक्य नव्हतं.

"तू जाऊन ये. मी बघते हिच्याकडं," बाई म्हणाली.

"नको."

"अगं, आत जागा—"

"नको म्हटलं ना."

जागा खरोखरच नव्हती. संडासाचं दार लावायचं तर पोट आत ओढायला हवं होतं, आणि ते काही आता तिच्या हातात नव्हतं. कडी तुटलेली. तिनं एक पाय दाराला लावला, एका हातात पोरीची कॉलर धरली, पर्स दातात धरली. पोरगी बादलीतला मग्गा उचलायला वाकत होती आणि "आई, बाळाला पण शू आली?" असं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती.

बाहेर येते तर दारासमोर ती बाई उभी.

"मुटकुळी, हात धुतलेस का गं?" ती पोरीला म्हणाली.

पोरगी जन्मली तेव्हा अंगाचं मुटकुळं करून झोपायची, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलेलं. घरात तेवढ्या एकट्याच तिला तशी हाक मारत. बसमध्ये भिंगनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

तिनं पोरीला उचललं. उचलायचं नाही असं डॉक्टरिणीनं बजावलं होतं, तरी उचललं आणि ती सरळ कंडक्टरकडं गेली.

"ती करड्या स्वेटरची बाई. माझ्या मुलीचे फोटो काढतेय. खोटं बोलतेय. हिचं घरातलं नाव तिला माहीत आहे, मी सांगितलेलं नसताना."

कंडक्टर चहाचा कप ठेवून उठला. दोन-चार प्रवासी गोळा झाले. "फोन दाखवा बाई," कुणीतरी म्हणालं. "पोलिसांना बोलवा," दुसरा म्हणाला. बाईचा चेहरा उतरला, पण ती गप्प उभी राहिली. तेवढ्यात भिंगचं पोट दगडासारखं आवळून आलं. तिनं खुर्चीचा आधार घेतला.

"दुखतंय की नुसतं आवळतंय?" बाईनं लोकांकडं न बघता विचारलं. आवाज एकदम बदलला होता.

"तुम्हाला काय करायचंय?"

"सांग. दुखतंय का?"

"आवळतंय."

"बस आधी. पोरीला खाली ठेव. पाणी पी, सावकाश. या महिन्यात होतं असं. तासात चारदा झालं तर आपण दवाखाना शोधू." मग तिनं पर्समधून फोन काढला आणि भिंगच्या हातात दिला. "मी शब्द दिला होता सांगणार नाही म्हणून. आता तूच वाच."

फोटो होते, आणि खाली निरोप. ‘गाडी सुटली. खिडकीशी बसल्यात.’ ‘मुटकुळी ओकली, आता बरी आहे.’ समोरून उत्तरं आली होती. नंबरावर नाव नव्हतं, पण तो भिंगला पाठ होता. ‘पाय सुजलेत का बघ. विचारलंस तर ती नाही म्हणेल.’ आणि सकाळी सात वाजताचा एक, ‘जपून गं. सून भारी संशयी आहे.’

बाई तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. सासूबाईंची शाळेतली मैत्रीण. लग्न केलं नव्हतं, लेक नव्हती. घाईत खोटं बोलायला गेली आणि तिथंच फसली.

कंडक्टरनं लोकांना हटवलं. भिंगनं आपल्या फोनवरून सासूबाईंना लावला.

"माझ्या मागं माणूस लावलंत तुम्ही?"

"लावलं."

"विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं. तू नको म्हणालीस."

"मग नको म्हणजे नको, आई. मला वाटलं, ही पोरगी पळवायला आलीय. माझं काय झालं असेल इथं?"

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. सहा वर्षांत हे दोन शब्द भिंगनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. "तू जाणार म्हटल्यापासून जिवाला थारा नव्हता गं. पण चुकलंच."

भिंगनं फोन ठेवला. राग गेला नव्हता. चार लोकांसमोर एका म्हाताऱ्या बाईला चोर ठरवल्याची लाज त्या रागातच मिसळली होती आणि दोन्ही वेगळं करता येत नव्हतं.

बसमध्ये नर्सबाई पुढच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसली. भिंगनं थोडा वेळ तसंच जाऊ दिलं. मग पोरीनं झोपेला येऊन भोकाड पसरलं, पोट पुन्हा एकदा आवळलं, आणि तिनं हाक मारली, "मावशी, इकडं या."

नर्सबाई आली. पोरीला तिनं मांडीवर आडवं घेतलं, भिंगचे पाय बॅगेवर वर ठेवायला लावले. पोरगी झोपली. भिंगचेही डोळे मिटत होते, पण झोप लागेपर्यंत तिनं पोरीचा एक घोटा मुठीत धरून ठेवला होता. नर्सबाईनं ते बघितलं.

स्टँडवर नवरा आला होता. नर्सबाईला बघून तो दचकला नाही. ‘ह्या कोण’ असंही त्यानं विचारलं नाही. वाकून पिशव्या उचलायला लागला.

"तुला माहीत होतं," भिंग म्हणाली.

"काय?" तो पिशवीला म्हणाला.

ती त्याच्याशी तीन दिवस मोजकंच बोलली.

त्याआधी स्टँडवर तिनं नर्सबाईला घरी चला म्हटलं. बाई म्हणाली, "चारची परतीची गाडी आहे. तिकीट काढलंय." म्हणजे सहा तास जाऊन सहा तास परत, तेही एका हातपर्सवर. तिनं समोरच्या दुकानातून पाण्याची बाटली आणि केळी आणून बाईच्या हातात दिली.

दीड महिन्यानं पाणमोट थोडी लवकर फुटली, पण मुलगा सुखरूप झाला. सासूबाई गुडघ्यांना पट्टे बांधून आल्या आणि महिनाभर राहिल्या. कुणाला काय सांगायचं, काय नाही, यावरून दोघींचं दोनदा वाजलं. मात्र त्यानंतर सासूबाई काही करायच्या आधी सांगायला लागल्या, आणि भिंग नाही म्हणायच्या आधी ऐकून घ्यायला लागली.

बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा तिला दोन्ही पोरांना घेऊन काही दिवस जुन्या घरी जायचं होतं. तिनं नर्सबाईला फोन केला.

"मावशी, तुम्हाला वेळ आहे का? मला बरोबर हवंय कुणीतरी."

"आहे की."

"मग तुमचं पूर्ण नाव सांगा. पत्ता सांगा. दवाखाना कुठला, आणि निवृत्त कोणत्या साली झालात?"

पलीकडं बाई खळखळून हसली, आणि मग एकेक करून सगळं सांगितलं. भिंगनं ते कागदावर लिहून घेतलं.