पूजेला मांडलेला सर्व्हर

असल्या गोष्टींवर मी विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगते. लाईट गेली तर आधी फ्यूज बघायचा, असा माझा स्वभाव. लातूरला आमचं सीटी स्कॅनचं सेंटर आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवते.

पेशंटची सगळी स्कॅन्स ज्या सर्व्हरवर होती, तो जुना होऊन कण्हायला लागला होता. माझं म्हणणं सरळ होतं... सगळा डेटा क्लाउडवर टाकू, मशीन सांभाळायची कटकटच नको. अप्पा ऐकेनात.

"दुसऱ्याच्या मशीनवर आपले पेशंट? त्या मालकाचं तोंड तरी बघितलीस का?"

शेवटी कोलोकेशनवर तडजोड झाली. सर्व्हर आपल्या मालकीचा, पण ठेवायचा नांदेडच्या एका डेटा सेंटरमध्ये. तिथली जागा, वीज, एसी भाड्याने. नवा सर्व्हर तिकडे बसला आणि लातूरच्या जुन्या मशीनवरून इंटरनेटने कॉपी सुरू झाली. ती बरेच दिवस चालणार होती.

त्यातच चाकूरच्या कांबळे मॅडमचा फोन आला. शाळेत शिकवतात. लिव्हरमध्ये गाठ, ऑपरेशनची तारीख ठरलेली. सर्जन म्हणाले, जुनं स्कॅन आणा, गाठ वाढली नसेल तर कापायचं कारण नाही. मॅडमची फिल्म घर बदलताना हरवली होती.

"ताई, तुमच्याकडं असंलच की."

"आहे. उद्या सकाळी या, काढून देते," मी शब्द दिला.

उद्या म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून पूजतात. म्हणून तर सर्व्हरवर मी ठळक चिठ्ठी चिकटवली होती – बंद करू नये.

सकाळी येऊन बघते तर काय... सर्व्हर टेबलावर, भस्माचे तीन पट्टे, झेंडूचा हार. प्लग काढलेला, नेटची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. चिठ्ठीलासुद्धा भस्म!

"अप्पा, हे काय केलात?"

"वर्षातून एक दिवस त्यालाबी इसावा नको का? लई राबलंय ते."

मी वायरी जोडून बटण दाबलं. आतून नुसती टकटक. जुनी डिस्क एकदा थांबली की कधी कधी परत फिरतच नाही, याचीच मला भीती होती. बाहेर बाकावर मॅडम येऊन बसल्या होत्या. हात हलवत त्यांना परत पाठवायचं नाही, हे तिथेच ठरवलं. वायरी पुन्हा काढल्या आणि नांदेडच्या इंजिनिअरला, सिद्धार्थला, फोन लावला.

"कॉपी कुठवर येऊन तुटली, बघ."

"तुटली? न्हाई ताई. चालू हाय की. आत्ताबी डेटा येऊन राहिलाय."

"कुठून?"

"तुमच्या सर्व्हरवरून. दुसरीकडून कुठून येईल?"

प्लग माझ्या हातात होता.

कुणाला त्या मशीनला हातही लावू दिला नाही. दार लावून तिथेच खुर्ची टाकून बसले. दुपारी सिद्धार्थ म्हणाला, "झाली पूर्ण." नांदेडहून मॅडमचं स्कॅन उघडलं. नाव, तारीख, सगळं बरोबर. सर्जननी जुनं आणि नवं, दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावली. गाठ तेवढीच होती.

नंतर जुनी डिस्क दुरुस्तीवाल्याला दाखवली, तो म्हणाला, मेलेली आहे. नेटवाल्याला विचारलं, इलेक्ट्रिशियनला विचारलं, सिद्धार्थला तर इतकं पिडलं की तो आता माझा फोन बघून घाबरतो! आता एक कॉपी क्लाउडवरही ठेवते, अप्पाही हो म्हणाले. पण त्या सकाळी डेटा कुठून येत होता, हे कुणीच सांगू शकलेलं नाही. मीही नाही.

ऑपरेशन ज्या दिवशी व्हायचं होतं, त्या दिवशी मॅडमचा फोन आला. मागे पोरांचा गलका.

"काही न्हाई ताई... वर्गात हाय, तेवढंच सांगायचं होतं."