हात मागे

आमचा दादा मुळातच कमी बोलणारा, आणि जे काही बोलायचा तेही झाडांशी. चौदा वर्षं त्याने रोपवाटिकेत कलमं बांधली. मालक म्हणायचा, याचा हात लागला की खुंट नाही म्हणत नाही. मग मालक गेला, मुलांनी जागा गोदामाला दिली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी दादा घरी बसला. कुणीतरी सांगितलं, एका शाळेत शेतीच्या शिक्षकाची जागा आहे, वयाची अट चाळीस. दादाने पेटीच्या तळाशी पडलेली जुनी पदविका काढली आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. पहिल्या दिवशी वर्गातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींनी त्याला शिपाई समजून खिडकी उघडायला सांगितली. त्याने उघडलीसुद्धा.

मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला. त्याची पाठ टाचणं, म्हणजे धडा कसा घ्यायचा ते लिहिलेले कागद, माझ्याच मशीनमधून जायची, म्हणून शेरेही आधी मीच वाचायची. पहिल्या सराव पाठाचा शेरा : 'शिक्षक सर्व काही स्वतःच करतात.' दुसऱ्याचा तोच. तिसऱ्याला तर प्रशिक्षणाच्या बाईंनी फक्त 'वरीलप्रमाणे' लिहून हात झटकले होते. पोराचा चाकू जरा तिरका गेला की दादाचा जीव वरखाली व्हायचा. चाकू काढून घ्यायचा, दोन मिनिटांत काम फत्ते, आणि पोर आपलं बघत उभं.

"तू शिकवायला जातोस की कलमं बांधायला?" मी विचारलं.

"चुकत होतं ना त्याचं."

"चुकू दे की."

"झाड मरतं, छोटे."

"मरू दे एखादं. तू पास हो आधी."

माझी जीभ अशीच आहे, कात्रीसारखी. शेवटच्या पाठात नापास झाला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्षाबरोबर ती जागाही. मी कंबर कसली. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात दादाचे हात माझ्या ओढणीने पाठीमागे बांधायची आणि आईला विद्यार्थी करायची. आई कलमाची काडी समजून गाजरांच्या पाचरी करायची, तीही मुद्दाम वेड्यावाकड्या. दादाचे खांदे नुसते उडायचे. "भाजीला काही ठेवणार आहात का?" आई विचारायची. आम्ही हसून हसून लोळायचो. वर्षभरात तेवढंच हसलो आम्ही.

"हात मागे, तोंड हसरं," मी घोकून घ्यायची. "आणि पोरानं करून दाखवलं की 'छान' म्हणायचं."

"चुकलेलं असलं तर?"

"तरी छान. परीक्षकाला तेवढंच ऐकू येतं."

मोठी शहाणी लागून गेले होते मी. उभ्या जन्मात एक कुंडी जगवली नाही.

शेवटचा पाठ त्याच शाळेच्या मागच्या जमिनीच्या तुकड्यावर झाला, तिथलं सगळं त्याने मला नंतर एका दमात सांगितलं, भिंतीकडे बघत. अठ्ठावीस मुलं, प्रत्येकापुढे पिशवीत एक खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळाचं रोप, आणि हातात एक काडी. खुंट कापायचा, मधोमध चिरायचा, काडीला पाचरीसारखी धार करून चिरेत बसवायची, वरून पट्टी गुंडाळायची. सगळं नीट सांगितलं त्याने. एकच वाक्य राहिलं : काडीचे डोळे वर बघायला हवेत. डोळे म्हणजे जिथून पान फुटतं ते. टाचणात लिहिलेलं होतं, मीच प्रत काढली होती. भीतीने तेवढंच विसरला. काडी उलटी बसली तर कलम संपलंच.

सगळ्यात आधी पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांवाल्या मुलीचं झालं. तिने पिशवी उचलून दाखवली. काडी उलटी होती. परीक्षक भूमितीचे, त्यांना काय कळणार, ते मान डोलवत लिहीत होते. दादाचे हात मागे. चूक सांगायची तर आपला पाठ अपुरा राहिला हेही सांगावं लागणार. "मला पास व्हायचं होतं," असंच म्हणाला तो मला, काही लपवलं नाही.

तो तिला म्हणाला, "छान."

मग काय, सरांनी जिला छान म्हटलं तिचं बघून सगळ्या वर्गाने तसंच केलं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

दादाला अ श्रेणी मिळाली. शेरा होता, 'विद्यार्थ्यांना पूर्ण मोकळीक.' मी दुकानात सगळ्यांना चहा पाजला. तेव्हा मला उलट्या काड्यांचं काही माहीत नव्हतं, दादाने तोवर तोंड उघडलं नव्हतं. पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. शेती विषय या वर्षापासून बंद, जागा रद्द, मागचा तुकडा गाड्या लावायला सपाट करणार. मी शाळेला शिव्या घालत सुटले. दादा म्हणाला, "बरं झालं," आणि राहिलेले चाकू आणायला गेला.

तिथे ती वेण्यांवाली मुलगी पाणी घालत होती. रोज यायची म्हणे. काड्या काळ्या पडल्या होत्या, सगळ्याच.

"सर, माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"काही नाही," दादा म्हणाला. "ऊन फार होतं."

घरी येऊन त्याने चाकू पुसले, पेटीत ठेवले आणि त्या दिवशी मला सगळं सांगितलं. "ती आता कधीही कलम बांधेल तर उलटंच बांधेल," म्हणाला. मी म्हटलं, उद्या जाऊन सांगून ये. तो गेला नाही. त्याच आठवड्यात तुकड्यावर यंत्र फिरलं.

चाकू पुन्हा बाहेर निघाले नाहीत. आता तो एका गोदामाच्या फाटकावर पहारेकरी आहे. परवा तिथला मुकादम दादाच्या कागदांच्या प्रती काढायला माझ्या दुकानात आला. "तुमचा भाऊ शिस्तीचा हो," म्हणाला. "दिवसभर उभा असतो, पण हात कायम मागे. कुठे शिकला?"

"घरी," मी म्हटलं, आणि प्रती मोजून त्याच्या हातात दिल्या.