पुढे सरकवलेलं ताट

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं, ताट बाकावरून फिरत आलं. शेजारच्या शांतवनमामांनी भाकरीचा तुकडा न घेताच ते माझ्याकडे सरकवलं. त्यांच्या मुलाने दारूच्या नशेत एका माणसाला गाडीखाली चिरडलं आणि तो तुरुंगात गेला, तेव्हापासून त्यांचं हे असंच.

“मामा, पाळकांनी मनाई केलीय का तुम्हाला?” मी हळूच विचारलं.

“नाही रे. पण त्याला आवरणं कुणाचं काम होतं?”

मुलांना न आवरणाऱ्या म्हाताऱ्या याजकाला, मंदिरातल्या पुरोहिताला, लागलेला बोल पवित्र शास्त्रात, बायबलात आहे. मुलाचं पाप बापाच्या माथी नाही, हेही शास्त्रातच आहे. मामांनी आपल्यासाठी पहिलं वचनच ठेवून घेतलं.

माझ्या मुलाचा दोन वर्षं फोन नाही. तो कुठे असतो, काय करतो, मला ठाऊक नाही. मी मात्र माझा तुकडा केव्हाच गिळला होता.