क्लबाचा सीझन आनि माझे दोन खुंट

आमच्या खाडीला सीझन असतो हे मला साठीला आल्यावर कळलं. तोवर वाटायचं, खाडीला भरती असते, ओहोटी असते, पावसात पूर असतो आनि बाकी वर्षभर कारखान्यांचं रंगीत पानी असतं. मंग शिडाच्या होड्यांचा क्लब आला आनि त्यांनी सांगितलं, दिवाळी ते होळी सीझन. म्हंजे बाकीचे महिने खाडी बंदच असनार. मीच उगाच जात व्हते इतकी वर्सं.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, भिवंडीजवळ वळ-पूर्ण्याच्या भातशेतांत गोडाऊनं उभी राहत व्हती तवाची. आमचं घर खारबावच्या बाजूला, खाडीला लागून. घरात मी आनि पोरगा. पोरगा पूर्ण्याच्या गोडाऊनात शिफ्टमधी. मालक न्हाईत. त्यांनी मासेमारी करून वर बारा वर्सं भिवंडीत लूमवर ड्युटी केली. आधी कान गेले, मंग छाती गेली, मंग मालकच गेले. जाताना माझ्या नावावर काय ठेवलं म्हनाल, तर खाडीतले दोन खुंट.

हसू नका. ताडाची खोडं हायेत ती, दोन मानसं उंच. अमावसेच्या ओहोटीला आठ गड्यांनी चिखलात उतरून ठोकलेले. दोघांच्या मधी बोकशी बांधायची, म्हंजे पिशवीसारखं जाळं. पानी वाहतं, मासळी आत शिरते. मालक गेल्यावर मी त्याच्यावरच पोराला मोठा केला. आनि आमच्यात रीत अशी, की जागेचा कागद नसतो. होळीच्या दिवशी ज्याचा खुंट उभा, जागा त्याची. एक होळी जरी खुंटाविना गेली, तर ती जागा कोनीबी घ्यावी. मंग रडून उपयोग न्हाय.

क्लब आमच्याकडं आनला माझ्या पुतन्यानं, दिराच्या पोरानं. त्यानं गोडाऊनवाल्यांना जमीन दिली आनि गळ्यात सोन्याचा दोर घातला. बैलाला घालतो तेवढा जाड. खाडीकाठचा रेतीचा जुना धक्का त्याच्या जागेत. तो त्यानं क्लबाला दिला आनि मला येऊन म्हनला, "काकी, मोठी मानसं येनार. तू जेवन कर. हाताला काम मिळंल."

मी म्हटलं, "बरं झालं रे बाबा. रिकामीच बसलेली व्हते मी."

तर महिन्याला एका रविवारी क्लबाची सहल. घोडबंदरकडनं नऊ होड्या वारा घेत यायच्या, एकामागं एक, पांढरी शिडं फुगवून. दिसायला लय सुरेख, खोटं कशाला बोलू. धक्क्याला लागल्या की आधी टाळ्या. आमचे मालक सत्तावीस वर्सं होडी घेऊन घरी आले, मी एकदाबी टाळी वाजवली न्हाय. माझंच चुकलं म्हनायचं.

मंग भाषन. क्लबाचे मोठे सायेब पूर्वी जहाजावर अधिकारी व्हते. पांढरी टोपी, पांढरी पॅन्ट, बूटबी पांढरे, आनि उतरायचं आमच्या चिखलात. त्यांनी बोलायचं, की वारा कसा व्हता आनि कोन किती शूर. मंग कप वाटायचे. सगळ्यात पुढं आला त्याला कप, सगळ्यात मागं राहिला त्यालाबी कप, आनि एकाला पानी लागलं, उलटी झाली, त्यालाबी दिला. खाडीत उलटी केल्याबद्दल बक्षीस मिळतं हे मला आधी कळायला पायजे व्हतं. गरोदरपनात मी घरभर कप मांडले असते.

मंग जेवन. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोऱ्यांचं कालवन, कोलंबी. सेक्रेटरी मॅडम प्रत्येक वेळी चुलीपाशी यायच्या, धुरानं डोळे पुसायच्या आनि म्हनायच्या, "मावशी, किती साधं, किती छान आयुष्य आहे तुमचं!"

मी म्हनायची, "हो ना मॅडम. या ना दोन दिवस राहायला. सकाळी चारला जाळं ओढायचं असतं."

मॅडम म्हनायच्या, "नेक्स्ट सीझन नक्की."

संक्रांतीच्या सहलीला त्यांनी कोळी पोशाख ठेवला. आठ बायकांना लुगडी नेसवायचं काम माझ्याकडं. नेसवली. एकीनं विचारलं, "मावशी, यात चालता कसं येतं?" मी म्हटलं, "चालायचं कुठं, बाई? आमी यात चिखलात उतरतो." तिला वाटलं मी मस्करी केली. लय हसली. पुरुषांनी डोक्याला रुमाल बांधले आनि खाली बर्मुडा. माझा पोरगा शिफ्टवरून येऊन दारात उभा राहिला आनि म्हनला, "आई, आपन असं दिसतो का गं?"

हे सगळं चालून गेलं असतं. पन त्याच दिवशी परत जाताना एक होडी माझ्या बोकशीत अडकली. या होड्यांच्या पोटाखाली लोखंडी पात असते, लांब. ती जाळ्यात गेली. मानसानं काय करावं? हाक मारावी, मी होडी घेऊन गेले असते, सोडवून दिली असती. त्यानं चाकू काढला आनि जाळं कापलं. मंग लांबून हात हलवून मला टाटा केला. मी नऊ दिवस जाळं विनत बसले. टाटा आठवत.

त्यानंतर सायेब स्वतः घरी आले. बसले, चहा घेतला, गोड बोलले. "मावशी, ते खांब मधे येतात. अडथळा आहे. सेफ्टीचा प्रश्न आहे."

मी म्हटलं, "सायेब, तुमच्या आधी आलेत ते."

पुतन्या मधी पडला. "काकी, कायमचे न्हाय गं. निसते पाऊस पडेस्तोवर काढू. पावसात परत ठोकून देतो, माझी जबाबदारी."

"आनि होळी?"

"होळीचं काय?"

त्याला ठावं न्हवतं असं न्हाय. तो याच खाडीच्या चिखलात वाढला. खुंट निघाले, होळी गेली, की जागा मोकळी. मंग धक्का तिथपर्यंत वाढवायचा आनि होड्या बारा महिने बांधायच्या, हे त्याच्या मनात. सायेबाला रीत ठावी न्हवती, त्याला ती व्हती, एवढाच फरक. मी न्हाय म्हटलं. पुतन्यानं ऐकूच आलं न्हाय असं करून सायेबाला सांगितलं, "काकी तयार हाय." शेवटच्या सहलीच्या दिवशी ओहोटीला रेतीवाल्यांची होडी आनि चेन-कप्पी आनून खुंट उपटायचे, असं ठरवूनबी टाकलं.

शेवटची सहल म्हंजे होळीच्या आधीचा रविवार. मी बोटांवर मोजलं. होळी पुनवेला, रविवारी अष्टमी. अष्टमीला भांग असतो. पुनव-अमावसेला उधान, पानी धक्क्यावर चढतं. भांगाला पानी आळशी. सकाळी थोडं येतं, दुपारी निघून जातं. पन मला काय, मी तर दुसरी यत्ता. तरी मानुसकी म्हनून सायेबाला फोन लावायला सांगितला पोराला.

"सायेब, रविवारी जेवून लगेच निघा. न्हाय तर पुनवेला या."

सायेब हसले. "मावशी, आमच्याकडे भरती-ओहोटीचं पुस्तक असतं. त्या दिवशी ओहोटीलासुद्धा भरपूर पाणी आहे."

"ते पुस्तक कुठलं?"

"मुंबई बंदराचं."

"मंग मुंबईत असंल भरपूर पानी," मी म्हटलं. "आमच्याकडं चिखल हाय."

त्यांनी आभार मानले. शिकलेली मानसं आभार लय छान मानतात.

रविवारी सकाळच्या पान्यावर नऊच्या नऊ होड्या आल्या. टाळ्या झाल्या. सीझनचं शेवटचं म्हनून भाषनं दुप्पट. मंग जेवन, मंग मॅडमचं गानं, मंग फोटो. मी दोनदा म्हटलं, "पानी निघालं." कोनीतरी म्हनलं, "मावशी, तुम्हीही या ना फोटोत." मी आले. त्या फोटोत मी एकटीच पान्याकडं बघताना दिसत असनार.

तीनला सगळे निघाले. धक्क्यापासनं हाकेच्या अंतरावर पहिली बसली. बसली म्हंजे पात चिखलात रुतली आनि होडी कलंडून उभी राहिली. दुसरी तिला वाचवायला गेली, तीबी बसली. समुद्राकडनं खारा वारा सुटलेला, त्यानं बाकीच्यांना ढकलत आनून एकेक करून बसवलं. नऊ होड्या, नऊ शिडं, सगळी वाकडी. धक्क्यावर पुतन्या चेन-कप्पीवाल्यांना घेऊन उभा. रेतीवाले बघून म्हनले, "सेठ, उपटायचं नेमकं काय हाय?"

पाऊन तासानं बायका हाका मारायला लागल्या. होडीवर सोय न्हवती. कोनी तरी उतरायला गेला, मांडीपर्यंत रुतला, पांढरा बूट खाडीला देऊन वर आला. मी माझी होडी काढली. सपाट तळाची, वीतभर पान्यात चालते. चार फेऱ्या मारल्या, बायकांना काढलं. मॅडम माझ्या होडीत हाताचा चिखल पुसत बसलेल्या. मी म्हटलं, "मॅडम, साधं आयुष्य."

पाचव्या फेरीला सायेबापाशी गेले. टोपी हातात, तोंड उतरलेलं. मला दया आली, पन सांभाळली.

"मावशी, यातून वाट कुठून आहे?"

"पुस्तकात बघा ना."

"मावशी, प्लीज."

तवा मी हात करून दाखवलं. "ते दोन अडथळे दिसतात? मासळी चिखलात न्हाय पोहत, सायेब. जिथं खोल पानी, तिथंच आमी खुंट ठोकतो. सांजच्या भरतीला तिथं आधी पानी भरंल. दोर खुंटाला बांधा आनि होडी ओढत न्या. एकेक. दुसरी वाट न्हाय."

सायेब खुंटांकडं बघत राहिले. मंग धक्क्याकडं बघितलं, तिथं कप्पी चमकत व्हती. मानूस हुशार, लगेच कळलं. पान्यावरनं ओरडले, "ओ शेठ! त्या खांबांना हात लावायचा नाही! ऐकू येतंय ना?"

सगळ्या क्लबासमोर. माझ्या पुतन्याला पहिल्यांदाच लांबचं स्वच्छ ऐकू आलं.

मी जाळं सोडून घेतलं. पानी परतलं तशी त्यांनी एकेक होडी दोर टाकून खेचली. दिवस बुडायच्या आत नऊच्या नऊ निघाल्या. कप कोनालाच मिळाला न्हाय. पन नऊ होड्यांचा भार एकट्या डाव्या खुंटावर आला आनि तो कलला.  सरळ करायचा तर आठ गडी पायजेत आनि अमावसेची ओहोटी. होळी आठ दिवसांवर.

होळीला गाव खाडीवर जमतं, नारळ सोडतं. चार जुनी मानसं काठावर बसतात आनि कोनाचे खुंट उभे ते बघतात. पुतन्या मुद्दाम पुढं झाला.

"काकीचा डावा खुंट उभा कुठं हाय? वाकलाय. वाकलेल्याला उभा म्हनत न्हाईत."

म्हातारे खुंटाकडं बघायला लागले.   मी काठी टेकली, पुढं गेले आनि त्याच्यासमोर उभी राहिले. कंबर माझी केव्हाचीच गेलेली.

"मीबी वाकलेय," म्हटलं. "सांग सगळ्यांना, मी उभी हाय का न्हाय? नसंन तर ती कप्पी आन, आधी मला उपट."

बायका फसकन हसल्या. मंग म्हातारेबी हसले. त्यातला सगळ्यात मोठा म्हनला, "उभी हाय बाबा. तुझ्यापेक्षा सरळ उभी हाय. नारळ दे तिला."

झालं. जागा राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळं ओढलं. मूठभर कोलंबी, एक चिंबोरी आनि बाकी प्लास्टिक. पानी त्या दिवशी जांभळं व्हतं. कोलंबी नीट धुतली, पोराला भाकरीसंगं दिली आनि दुपारी परत बोकशी बांधायला गेले.