मसण्याउदाचा आळ

कणकवलीला गावी गेलं की जयवंत घाडी सांगायचा, "मी बागखात्यात आसंय." झाडांखालीच काम होतं, त्यामुळे अगदी थापही नव्हती. पण जयवंत खड्डे खणायचा. कांदिवलीला नाल्याच्या काठी लहान मुलांना पुरायची जुनी जागा होती, तिथे. बापाची गिरणी बंद पडल्यावर जी मिळाली ती नोकरी त्याने धरली. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली होती.

एवढ्या वर्षांत चहूबाजूंनी टॉवर उठले. मोकळी माती राहिली ती फक्त या कुंपणाच्या आत. मग जिथून जिथून हुसकावलं गेलं, तिथून जनावरं इथे येऊन राहिली. भिंतीच्या भगदाडात घोरपड, शिरीषाच्या ढोलीत गव्हाणी घुबडांची जोडी, आणि अवजारांच्या खोलीवरच्या कौलांखाली एक उदमांजर. सुरुवातीला जयवंत बिचकायचा. उदमांजराला लोक मसण्याउद म्हणतात, पुरलेली मढी उकरून खातं म्हणतात, तेच तोही ऐकत आला होता.

ती भीती श्रुतिकाने घालवली. ती मुलुंडच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि दर रविवारी दुर्बीण घेऊन इथले पक्षी-प्राणी टिपायला यायची. एकदा भिंतीवरची उदमांजराची विष्ठा तिने काडीने उकलून दाखवली. "बघा ना काका, नुसत्या बिया. उंबर, जांभूळ. हा कसला मढी खातोय? झाडं लावतोय तो." जयवंत खूप हसला होता. पुढे कुठे घरटं झालं, कुठे कात पडली, हे तोच तिला दाखवू लागला.

वैशाखात एका दुपारी दिंडोशीचा सिद्धेश राणे सहा दिवसांची मुलगी फडक्यात गुंडाळून घेऊन आला. बरोबर दोन चुलते. जयवंतची कंबर सकाळपासून धरली होती. जमीन तापून दगड झालेली, त्यात खाली कुठल्याशा बिल्डिंगचा राडारोडा लागला. कुदळ मारली की हातात झिणझिण्या यायच्या. खड्डा कमरेइतका खणायचा, मीठ घालायचं, वर दगड आणि बोरीच्या काट्या रचायच्या, हा नेम त्याने कधी मोडला नव्हता. त्या दिवशी तो गुडघ्यापाशी थांबला. काट्या संपल्या होत्या, त्याही आणल्या नाहीत. मुलीच्या बापाला त्यातलं काही कळलं नाही, तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. उद्या वर माती टाकू, असं जयवंतने स्वतःला सांगितलं. पण उद्या कंबर उठूच देईना, आणि तो घरीच राहिला.

तिसऱ्या दिवशी सिद्धेश दूध ठेवायला आला, तेव्हा दगड बाजूला लोळलेले होते आणि खड्डा उघडा होता. नाल्याकडच्या पडक्या भिंतीपर्यंत फडक्याच्या चिंध्या गेल्या होत्या. सिद्धेशच्या ओरडण्याने टॉवरमधली माणसं खिडक्यांत आली. जयवंत धावत आला आणि मातीवरचे पंजे त्याने लगेच ओळखले. कुत्री होती ती, तीन-चार.

कोणीतरी वरून व्हिडिओ काढला. कोणीतरी म्हणालं, इथे मसण्याउद आहे, आम्ही बघितलाय. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच झालं.

पालिकेचे साहेब आले. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "खड्डा किती खोल होता रे?"

"कमरेइतको, साहेब."

आवाज जराही कापला नाही, याचंच त्याला नंतर नवल वाटलं.

झाडी साफ करून पेव्हर ब्लॉक बसवायचा हुकूम निघाला. श्रुतिका अर्ज घेऊन फिरली, त्याच्याकडेही आली. "काका, तुम्ही वीस वर्षं इथे आहात. तुम्ही सांगा ना, उदमांजर असं करत नाही. तुमचं ऐकतील." जयवंत खाली बघत म्हणाला, "माझा कोण ऐकता, बाय?" ती निघून गेली.

चार दिवसांनी जेसीबी आला. शिरीष कोसळला, ढोलीतली घुबडाची पिल्लं फांद्यांखाली गेली. घोरपडीला दगडांनी ठेचलं. मग ठेकेदाराच्या माणसांनी अवजारांच्या खोलीत धूर केला. बऱ्याच वेळाने कौल सरकलं आणि मादी बाहेर आली. तोंडात पिल्लू धरलेलं होतं, म्हणून तिला दातही दाखवता येईनात. तिला काठ्यांनी मारलं. दुसरं पिल्लू आत धुरातच गेलं. जयवंत फाटकापाशी उभा होता. एक शब्द बोलला असता तर काठी थांबली असती की नाही, कोण जाणे. तो बोलला नाही एवढं खरं.

दोन दिवस गेले. मग तो साहेबांकडे गेला. "साहेब, खड्डो गुडघ्याइतकोच होतो. चूक माझी. कुत्र्यांनी केल्यानी."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "काम झालंय, लोक शांत झालेत. आता तोंड उघडून कोणाचं भलं करणार आहेस? जा, काम कर."

तो कामावर गेला नाही. नोंदवहीतून पत्ता काढून थेट दिंडोशीला गेला. सिद्धेशने दार उघडलं, ओळखलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. जयवंतने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मार खायची तयारी ठेवूनच तो आला होता.

सिद्धेशने जिन्याचा कठडा धरला. मग हळू आवाजात म्हणाला, "हे कशाला सांगायला आलात? जनावराने केलं म्हणून मी कसंबसं गिळलं होतं. जनावराला काय कळतं, असं म्हणून. आता तुम्हाला काय म्हणू?"

मागे दार उघडलं. सिद्धेशची बायको प्रांजल उभी होती. डोक्याला बाळंतिणीचा रुमाल, चेहरा पांढराफटक. तिने सगळं ऐकलं होतं.

"कुत्री होती? नक्की?"

"होय."

"मग तो मसण्याउद... त्याला मारलं ना?"

"मारल्यानी."

"त्याला पिल्लं होती म्हणे."

"दोन होती, बाय."

"आमच्या पोरीच्या नावावर मारलं त्यांना," ती म्हणाली. सिद्धेशने तिचा दंड धरला, तो तिने सोडवून घेतला, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. सिद्धेशने दार लावलं.

जयवंत चार मजले उतरून खाली आला. इमारतीच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला. उठावं असं त्याला बराच वेळ वाटलं नाही.