रेड्याचा फ्लेक्स

“कुणावर न्हाई, जनावरावर हाय,” असं बजावल्याशिवाय माझा धाकटा भाऊ आपलं कार्टून कुणाला दाखवायचा नाही. मग बघणारा कुठे हसतो, हे डोळे बारीक करून टिपत बसायचा.

चौसाळ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागूनच त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. सकाळी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करायचा. कुणाचा फोटो केवढा, यावरून आमच्याकडे भावकी तुटते, त्यामुळे ते काम जोखमीचं. दुपारी त्याच पुढाऱ्यांना मोबाइलवर रेडा करून बोलायला लावायचा. रेड्याच्या बायकोचा आवाज माझा. “ताई, नवऱ्यावर वरडल्यावानी बोल,” म्हणायचा. त्यासाठी मला सराव लागला नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

‘फक्त मोठ्यांसाठी’ असं तो प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच लिहायचा. पण कार्टून म्हटल्यावर ते वाचतंय कोण! लोकांनी मोबाइल थेट लेकरांच्या हातात दिले. वर्गात कुणीतरी रेड्याची शिवी हासडली आणि गुरुजी तरातरा दुकानात आले. “आधी काढून टाका हे!” म्हणाले. मग आवाज खाली आणून, “पुढचा भाग कधी हाय?”

एका भागात रेड्याने कोरड्या हापशाचं उद्घाटन केलं. मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर रेडा आणि आणखी एक पुढारी, फोटो सारखेच. हापसा गावातलाच, त्यामुळे पुढारी कोण ते सगळ्यांनी ओळखलं. दुसऱ्या दिवशी साहेब माणसं घेऊन दारात हजर. मी माझ्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं. हा मात्र ताठ उभा होता. मार खाईन पण भाग काढणार नाही, असं त्याने मला सकाळीच सांगितलं होतं.

साहेबांनी भाग शेवटपर्यंत पाहिला. “रेडा लई झ्याक हाय. पन फ्लेक्सवर त्या दुसऱ्याचा फोटो माज्याएवढाच कावून? बारीक कर.” आणि तिथेच उभं राहून त्यांनी तो भाग सगळ्या कार्यकर्त्यांना पाठवला.

संध्याकाळपर्यंत गावभर साहेबांच्या मोठ्या मनाचं कौतुक सुरू झालं. हापशाचं कुणी नावही काढीना.

त्याने तो भाग स्वतःच पुसून टाकला. “मारलं असतं तर चाललं असतं, ताई. ही तर त्यांची जाहिरातच केली की मी.” त्याचं एवढंसं झालेलं तोंड बघून मला रडू आलं. मी चहा मागवला, पण त्याने घेतला नाही.

पुढे तो पुण्याला एका कंपनीत लागला. तिथे लहान मुलांसाठी प्राणी काढतो. ते सगळे वेळेवर दात घासतात म्हणे.

परवा साहेब झेरॉक्सला आले. कागद घेऊनही रेंगाळले. “ताई, त्यानं आमच्यावर नवं काय केलं का?”

“न्हाई, साहेब.”

“आता कोन कायच बोलत न्हाई आमाला,” म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. तो चेहरा बघायला माझा भाऊ तिथे हवा होता. मी नुसती बघत राहिले. मला कुठे चित्र काढता येतं?